जुनं घर विकायच्या आधी नवं घर घेणं झेपेल का?

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. डोंबिवलीत २०१३ साली २७ लाखांना घेतलेला वन बीएचके आहे, आज त्याचे ५५ लाख येतील असं एजंट म्हणतो, कर्ज ९ लाख उरलंय आणि हप्ता १४,००० आहे. ठाण्यातला ९५ लाखांचा रीसेलचा टू बीएचके तुम्हाला आवडलाय आणि त्याचे मालक पंधरा दिवसांत उत्तर मागताहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार दीड लाख, शिल्लक १८ लाख. सासूबाई कायमच्या राहायला येणार आहेत, आणि दोन मुलांना घेऊन मधल्या काळात भाड्याच्या घरात जायची तुमची तयारी नाही.

ठाण्यातल्या एका बँकेच्या गृहकर्ज विभागात माझी नोकरी झाली. असा प्रश्न घेऊन येणारं जोडपं आठवड्याला एखादं तरी असायचं, त्यामुळे तुमची घालमेल मला चांगली कळते. जुनं घर वर्षभर विकलं गेलं नाही तरी दोन्ही हप्ते निभावतील, एवढी ताकद असेल तर नवं घर बेलाशक आधी घ्यावं. तुमच्या आकड्यांत ती ताकद थोडीशीच कमी पडते आहे. ती भरून काढायला जुन्या घराची पूर्ण विक्री होईपर्यंत थांबायची गरज नाही, हे मला तुम्हाला मुख्यतः सांगायचंय.

आधी रोख रक्कम बघू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं, आणि कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की ही मर्यादा ७५ टक्क्यांवर येते. ९५ लाखांच्या घराला म्हणून तुम्हाला फार तर ७५ लाख मिळतील. वरचे २० लाख तुमचे. मुद्रांक शुल्क ठाण्यात ७ टक्के, म्हणजे ६ लाख ६५ हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटची एक टक्का दलाली धरली तर आणखी ९५ हजार. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, तो कोण भरणार हे आत्ताच ठरवून घ्या. एकूण २८ लाखांच्या वर जातं, आणि यात टेम्पो, रंग, स्वयंपाकघराचा ओटा यांतलं काहीच धरलेलं नाही. तुमच्याकडे शिल्लक १८, म्हणजे १० लाख कमी.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये पडतात. ७५ लाखांना ६५ हजार. जुने १४ हजार मिळवले की ७९ हजार. सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास गेले की बहुतेक बँका हात आखडता घेतात. तुम्ही त्या रेषेच्या जरा पलीकडे आहात. मंजुरी कदाचित मिळेलही, पण मग दोन घरांचा मेंटेनन्स, शाळेची फी आणि सासूबाईंची औषधं उरलेल्या ७१ हजारांत बसवावी लागतील. काही महिने बसतील. किती महिने, हे मात्र डोंबिवलीच्या ग्राहकावर अवलंबून.

आणि ग्राहक मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही. त्याचं कर्ज मंजूर व्हायचं, बँकेच्या वकिलाने कागद तपासायचे, मूल्यांकन व्हायचं, अॅग्रीमेंटची नोंदणी, मग रक्कम सुटणार. सगळं सुरळीत झालं तरी दोन-तीन महिने सहज जातात. मध्ये पितृपक्ष आला तर त्या पंधरवड्यात विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) द्यायला फारसं कुणी पुढे येत नाही. लोक दसऱ्याची वाट बघतात. डोंबिवलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. खोट्या परवानग्या दाखवून महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या तिथल्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ मध्ये त्या पाडायचे आदेश निघाले. तेव्हापासून ग्राहक आणि बँका दोघंही तिथल्या कागदांकडे फार बारकाईने बघतात, आणि ते योग्यच आहे. तुमच्या इमारतीचे मंजूर नकाशे, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), आधीच्या सगळ्या करारांची साखळी, सूची दोन (करार नोंदवल्याचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचा ना-थकबाकी दाखला एका फाइलमध्ये लावून ठेवा. मूळ कागद तुमच्या बँकेकडे असतील, त्यांची यादी आणि बाकी रकमेचं पत्र आजच मागा. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर एजंटने सांगितलेले ५५ लाख विसरा आणि हिशोब नव्याने करा, कारण कर्ज काढून घेणारा ग्राहक मिळणं तिथेच अवघड होतं.

एक आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा: ३९,०००. तुम्ही नवं घर आधी घेतलं, तर जुन्या घरात अडकलेल्या ५५ लाखांवर (जुनं ९ लाखांचं कर्ज आणि नव्या कर्जात तेवढ्यासाठी जास्त घेतलेले ४६ लाख) महिन्याला साधारण एवढं व्याज जातं. कुणी ५४ लाख द्यायला तयार असेल आणि तुम्ही ५५ साठी तीन महिने अडून राहिलात, तर लाख वाचवताना एक लाख सतरा हजार व्याजात गेले. माझ्यासमोर बसून एजंटचा आकडा म्हणजे जणू खात्यात जमा झालेली रक्कम, अशा विश्वासाने बोलणारी कितीतरी माणसं मी बघितली. जुन्या घरावर आपला जीव असतो, तिथे मुलं रांगलेली असतात, त्यामुळे किंमत खाली आणणं मनाला लागतं. पण दोन घरं एकदम हातात असताना वेळ तुमच्या बाजूने नसतो.

आता मार्ग. जुनं घर याच आठवड्यात विक्रीला काढा, नव्याचं काही ठरायच्या आधीच. ठाण्याच्या मालकांना पंधरा दिवसांत होकार द्या, पण मुदत मागून: आत्ता लाख-दोन लाख विसार, अॅग्रीमेंटची नोंदणी दोन महिन्यांनी, पूर्ण पैसे आणि ताबा चार महिन्यांनी. ते का ऐकतील? तुमच्या हातात कर्जाचं मंजुरीपत्र असेल म्हणून. विकणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती ऐनवेळी ग्राहकाची बँक नाही म्हणेल याची. मंजुरीपत्र घेऊन गेलेल्या ग्राहकाला दोन महिने थांबणारे मालक मी बरेच बघितलेत, विशेषतः त्यांनाही पुढचं घर बघायचं असेल तर. विसार पावती लेखी हवी, आणि त्या घराच्या कागदांत दोष निघाला किंवा तुमच्या बँकेने त्या घरावर कर्ज नाकारलं तर विसार परत, हे तीत स्पष्ट लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नका, समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी.

आणि आता ते दहा लाख. तुमच्या डोंबिवलीच्या ग्राहकालासुद्धा ५५ लाखांचं घर घेताना ८० टक्केच कर्ज मिळणार आहे. उरलेले ११ लाख त्याला स्वतःचे घालावे लागतील, आणि ते तो अॅग्रीमेंटच्या वेळेपर्यंत तुम्हाला देईल. त्यातले ५५ हजार टीडीएस म्हणून, म्हणजे तुमच्या नावाने सरकारकडे आगाऊ भरायचा एक टक्का कर म्हणून, कापले जातील, कारण व्यवहार ५० लाखांच्या वरचा आहे; तुम्हालाही ठाण्याच्या मालकांचे एक टक्क्याने ९५ हजार कापून सरकारकडे भरायचे आहेत, ते विसरू नका. तरीही साडेदहा लाख हातात येतात. म्हणजे तुमची कमतरता भरून काढायला जुन्या घराचे सगळे पैसे यायची वाट बघावी लागत नाही, ग्राहकाचं नोंदणीकृत अॅग्रीमेंट पुरतं. शिवाय ते अॅग्रीमेंट दाखवलं की तुमची नवी बँक जुन्या १४ हजारांच्या हप्त्याकडे वेगळ्या नजरेने बघते, कारण ते कर्ज फिटणार हे कागदावर दिसत असतं. एक काळजी घ्या: ग्राहकाचं कर्ज मंजूर झाल्याचं पत्र बघितल्याशिवाय त्याचे ११ लाख पुढे ठाण्याला देऊ नका. त्याचं कर्ज अडलं तर ते तुम्हाला परत करावे लागतील.

राहायचा प्रश्न यातच सुटतो. ग्राहकाला सुरुवातीलाच सांगा की पूर्ण पैसे मिळाल्यावर दोन महिन्यांनी ताबा देऊ. त्याला ते नको असेल, तर विक्री पूर्ण करून त्याच घरात दोन-तीन महिने लीव्ह अँड लायसन्सवर राहा, रीतसर नोंदणी करून. त्याचा हप्ता सुरू झालेला असतो, भाडं मिळालं तर त्यालाही बरं. मुलांची शाळा तीच, सामान एकदाच हलवायचं. जुनं घर मात्र विकायचं असताना तिसऱ्याच कुणाला भाड्याने देऊ नका. भाडेकरू असलेलं घर दाखवणंही अवघड आणि रिकामं करून देणंही.

ब्रिज लोनबद्दल, म्हणजे जुनं घर विकेपर्यंत मधल्या काळापुरत्या कर्जाबद्दल, तुम्ही विचारलंय. मोजक्या बँका देतात, मुदत साधारण दोन वर्षांपर्यंत, व्याज नेहमीच्या गृहकर्जाहून जास्त. तुमच्या बाबतीत मी त्याच्या मागे लागणार नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जात वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे साधं ७५ लाखांचं कर्जच ब्रिजचं काम करतं. ग्राहकाच्या बँकेच्या ४४ लाखांतून जुने ९ लाख फिटून उरलेले ३५ लाख आले की त्यात भरायचे, ४० लाख उरतात, हप्ता ३५ हजारांच्या आसपास येतो. भरताना बँकेला लेखी कळवा की हप्ता कमी करायचाय. सांगितलं नाही तर बऱ्याचदा मुदत कमी होते आणि हप्ता तसाच राहतो. पर्सनल लोन काढून विसार देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. त्याच्या हप्त्याने तुमची गृहकर्जाची पात्रताच खाली येते. सोनं तारण ठेवणं किंवा पीएफमधून घरासाठी काढणं त्यापेक्षा कितीतरी बरं.

डोंबिवलीचं कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ग्राहकाची बँक बाकीचे ९ लाख थेट तुमच्या बँकेला देते, तेव्हा ही तारीख तिन्ही बाजूंना माहीत असू द्या.

करासाठी घाबरून घाईने विकायची गरज नाही. नवं घर आधी घेतलं तर ते घेतल्यापासून वर्षाच्या आत जुनं विकलं गेलं पाहिजे, तरच आयकराच्या कलम ५४ ची भांडवली नफ्यावरची (घर विकून झालेल्या नफ्यावरच्या करातली) सवलत मिळते. आधी विकलं तर घ्यायला दोन वर्षं असतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, सवलत राहिली. पण ती हुकली तरी किती जातात ते बघा. तुमचं घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं आहे, म्हणून महागाईचा निर्देशांक लावून (खरेदीची किंमत तेवढी वाढवून धरून) २० टक्के आणि न लावता साडेबारा टक्के यांतला कमी कर लागतो. २०१३-१४ चा निर्देशांक २२०, २०२५-२६ चा ३७६. त्या हिशोबाने २७ लाखांचे ४६ लाख होतात, नफा ९ लाखांच्या आत आणि कर पावणेदोन लाखांच्या आसपास. रक्कम मोठीच आहे, पण तेवढ्यासाठी घर चार लाख कमी किमतीला देऊन टाकावं इतकी नाही.

नावांचं मात्र नोंदणीच्या आधीच ठरवा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं, तुमच्या व्यवहारात ९५ हजार वाचतात, आणि एजंट ते लगेच सुचवेल. पण डोंबिवलीचं घर पतीच्या नावावर असेल आणि ठाण्याचं फक्त पत्नीच्या, तर कलम ५४ ची सवलत वादात सापडते. न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. जुन्या शेअर सर्टिफिकेटवर ज्यांची नावं आहेत ती नव्या करारात असावीत हे सुरक्षित. त्यावर कुणा दिवंगत माणसाचं नाव असेल, समजा सासऱ्यांचं, तर वारसांची नोंद लावणं हे पहिलं काम, एजंटला फोन करायच्याही आधीचं, कारण त्यात महिनोन्महिने जाऊ शकतात आणि तोपर्यंत कोणतीही बँक तुमच्या ग्राहकाला पैसे देणार नाही.