‘आशा आहे’ म्हटलं, म्हणजे माझं तारण झालेलं नाही का?

प्रश्न : माझं माहेर सावंतवाडीचं, शाळा मराठीतून झाली, म्हणून मराठीत लिहिते. लग्न होऊन बावीस वर्षं म्हापशात आहे. आम्ही कॅथलिक. दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाते, कुमसार करते, म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली देते, घरी रोज तेर्स (माळेवरची प्रार्थना) होतो. धाकटी बहीण दोन वर्षांपासून एका वेगळ्या प्रार्थना मंडळीत जाते. चतुर्थीच्या सुट्टीत ती राहायला आली तेव्हा तिने मला विचारलं, “आज रात्री तू गेलीस, तर स्वर्गात जाशील हे तुला नक्की ठाऊक आहे?” मी म्हटलं, “आशा आहे.” ती म्हणाली, “म्हणजे खात्री नाही. आणि खात्री नाही म्हणजे तुझं तारणच झालेलं नाही.” तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या तारणाची, म्हणजे पापातून सुटून देवाकडे जाण्याची, खात्री असू शकते का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, तुमच्या बहिणीचा प्रश्न वाईट नाही. त्यातून तिने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि हे मी तिच्याच बाजूच्या घरात वाढलेली बाई म्हणून सांगते. मी नगरची, मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीतली. नर्सच्या नोकरीसाठी गोव्यात आले आणि दिवाडीच्या कॅथलिक माणसाशी लग्न केलं. तुमचा हा वाद आमच्या स्वयंपाकघरात पस्तीस वर्षं चालला आहे.

चौदाव्या वर्षी एका उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या सभेत, ‘ख्रिस्ताला स्वीकारते’ म्हणून मी हात वर केला. त्या रात्री बायबलच्या कोऱ्या पानावर तारीख लिहिली, कारण ‘तारणाचा दिवस’ लक्षात असला पाहिजे असं आम्हाला शिकवलं होतं. वर्षभराने वाटलं, तेव्हा मी मनापासून म्हटलंच नव्हतं, शेजारच्या मुलींनी हात वर केले म्हणून मीही केला. पुन्हा सभा, पुन्हा हात, पुन्हा तारीख. त्या पानावर अशा तीन तारखा आहेत. तीन तारखांनीही मला खात्री दिली नाही. मी ख्रिस्ताकडे बघतच नव्हते, माझ्या विश्वासाची नाडी धरून बसले होते. वॉर्डात असे पेशंट मी खूप पाहिले. जो दर दहा मिनिटांनी स्वतःची नाडी बघतो, त्याची नाडी भीतीनेच वाढते.

खात्री असू शकते. बायबलमध्ये योहान आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटाकडे लिहितो, की तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून मी हे लिहिलं. बहीण बहुधा याच वचनावर उभी आहे, आणि ते वचन भक्कम आहे. प्रेषित पौलही रोमकरांना लिहिलेल्या पत्रात ठामपणे सांगतो, की मरण, जीवन, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. पण तोच पौल करिंथकरांना लिहितो, “मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे.” पौलाची खात्री देवाविषयी आहे. स्वतःच्या तब्येतीचा दाखला तो स्वतःच लिहीत नाही.

तुमच्या चर्चची शिकवण याहून फार दूर नाही. 1547 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने म्हटलं, की देवाची दया, ख्रिस्ताचं पुण्य आणि संस्कारांचं सामर्थ्य यांविषयी कुणीही शंका धरू नये, पण स्वतःचा दुबळेपणा बघून माणसाला भीती वाटू शकते, आणि आपल्यावर कृपा झाली आहे हे कुणीही चुकीला वावच नाही अशा निश्चितीने जाणू शकत नाही. ‘कायम धास्तीत राहा’ असं त्यात कुठेही नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनी मिळून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात दोघांनी मिळून हेच मान्य केलं, की आपल्या उणिवा दिसत असतानाही विश्वासणाऱ्याला देवाच्या वचनावर भिस्त ठेवता येते. साडेचारशे वर्षं भांडून झाल्यावर दोघं इथवर आले. तुम्ही दोघी बहिणी चतुर्थीच्या एका सुट्टीत कुठवर येणार होतात?

तुम्हाला विचारला तो प्रश्न फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कलाही विचारला होता, 1431 मध्ये, रूआं शहरातल्या धर्मखटल्यात : “तू देवाच्या कृपेत आहेस का?” ‘हो’ म्हटलं तर उद्दाम, ‘नाही’ म्हटलं तर स्वतःच गुन्हा कबूल केल्यासारखं. एकोणीस वर्षांची ती मुलगी म्हणाली, “नसेन, तर देव मला त्यात ठेवो. असेन, तर देव मला त्यातच राखो.” तुमचं ‘आशा आहे’ मला या उत्तराच्या शेजारचं वाटतं.

आता ‘आशा’ या शब्दाविषयी. ‘उद्या पाऊस थांबेल अशी आशा आहे’ म्हणतो, तशी ही आशा नाही. इफिसकरांच्या पत्रात मराठी बायबल पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा (वारशाचा) ‘विसार’ म्हणतं. आम्ही घर घेतलं तेव्हा विसार दिला होता. खरेदीखत व्हायला पुढे बरेच महिने गेले. पण विसार दिल्यावर आम्ही काय करत होतो? खिडक्यांचे पडदे मोजत होतो. इथे विसार देणारा देव आहे आणि घेणारे आपण. खरेदीखत अजून व्हायचं आहे, म्हणून ‘आशा’. पण देणारा शब्द फिरवणारा नाही, म्हणून ती पक्की.

तुम्ही कुमसार करून बाहेर येता, तेव्हा फादरांनी म्हटलेल्या क्षमेच्या शब्दांनी तुमच्यासाठी विषय संपलेला असतो, की घरी येऊन तुम्ही तीच पापं पुन्हा मोजता? मोजत असाल, तर त्या फादरांना हेच सांगा. फ्रान्सिस झेवियरचे गुरू इग्नेशियस 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला याच दुखण्याने हैराण झाले होते, पुन्हा पुन्हा तीच पापं कबूल करत होते, मरून जावंसंही वाटत होतं. आणि झोप अजून आठवडाभर आली नाही, तर डॉक्टरांकडे जा. हे नर्स म्हणून सांगते. झोप नसलेल्या डोक्याला देवाची दयासुद्धा दिसत नाही.

सासष्टीची एक आजी माझ्या रात्रपाळीत होती. हातात तेर्साची माळ, आणि तासातासाला एकच प्रश्न : “देव म्हाका घेतलो मगे, सिस्टर?” (देव मला घेईल ना?) मी दर वेळी “घेतलो” म्हणायचे. माझ्या मंडळीच्या हिशोबाने तिला खात्री नव्हती. पण त्या रात्री ती एकदाही दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन विचारत नव्हती. तिचा सगळा प्रश्न त्याच्याकडेच तोंड करून होता. पहाटे पाचला ती गेली. तिच्याविषयी मला कधीच शंका वाटली नाही.

बहिणीशी वाद घालू नका. ती पुढच्या वेळी आली की दोघींनी मिळून रोमकरांच्या आठव्या अध्यायातली एकतिसाव्या वचनापासून शेवटपर्यंतची वचनं मोठ्याने वाचा, एक तिने, एक तुम्ही. शेवटचं वचन तिला वाचू द्या, आणि तुम्ही ते ऐका.