जी बाजू पटतच नाही ती मुलाने का मांडायची?

शाळांच्या वादविवाद स्पर्धेचे दिवस आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, कधी आईवडील विचारतात कधी मुलंच विचारतात, की जे मनाला पटत नाही तेच स्टेजवर ठासून बोलायला लावलं तर मूल दुटप्पी नाही का होणार? सरळ उत्तर देण्याऐवजी एक अनुभव सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

मुलगा 15 वर्षांचा. आई म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षी किती उत्साहाने गेला होता, यंदा नाव काढून घेतो म्हणतोय, रोज सकाळी पोटात दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही." तिला वाटलं स्टेजची भीती असेल. मलाही तेच वाटलं आणि पहिले दोन सेशन मी श्वासाचे व्यायाम करून घेण्यात घालवले. तिसऱ्या वेळी विचारलं, बाबा रे, विषय तरी काय आहे?

विषय होता, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला व्हेटो रद्द करावा. चिठ्ठीत ह्याच्या टीमला विरोधी बाजू आलेली, म्हणजे व्हेटो राहू द्या असं बोलायचं. आणि हा पोरगा तयारी म्हणून रात्र रात्र युद्धाच्या बातम्या बघत होता. 15 जणांच्या परिषदेत बाकीचे सगळे एका बाजूला असले तरी 5 कायम सदस्यांपैकी एकाने नाही म्हटलं, म्हणजेच व्हेटो वापरला, की ठराव पडतो, ह्याची त्याला मनापासून चीड होती. "ताई, ती बातम्यांमधली मुलं... मी त्यांच्या विरोधात बोलू का?" एवढं बोलून शर्टाच्या बाहीचं बटण काढत घालत बसला, वर बघेचना.

म्हणजे पोटात दुखत होतं ते भीतीने नाही, अपराधी वाटून.

मी त्याला सांगितलं की तुझी चीड खरी आहे आणि स्पर्धेसाठी ती सोडायची काहीही गरज नाही. मग एक कागद मधोमध दुमडला. डावीकडे 'मला काय वाटतं', ते कुणीही वाचणार नाही. उजवीकडे 'ज्याला व्हेटो हवाय त्याला कशाची भीती वाटते'. मुद्दे मुद्दामच नाही विचारले, भीती विचारली, कारण मुद्दे तो कुठूनही उतरवून आणला असता. पहिल्या आठवड्यात उजवीकडे एकच ओळ, "त्यांना पॉवर हवीय." डावी बाजू मात्र मागच्या पानापर्यंत गेलेली!

पुढच्या वेळी तो राष्ट्रसंघाबद्दल, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेबद्दल, वाचून आला. 1920 मध्ये सुरू झालेला हा संघ, अमेरिका त्यात कधी आलीच नाही, जपान आणि जर्मनीने 1933 मध्ये बाहेर पडतो म्हणून सांगितलं आणि 1939 मध्ये महायुद्ध. म्हणून 1945 मध्ये नवी संघटना उभी करताना मोठे देश आतच राहावेत ह्यासाठी व्हेटो दिला गेला. उजवीकडे त्याने लिहिलं, "मोठा देश उठून गेला तर त्याच्याशी बोलायला जागाच उरणार नाही." मग त्याला 2022 चा आमसभेचा ठराव सापडला, कुणीही व्हेटो वापरला की 10 कामकाजी दिवसांत आमसभेत सगळ्या देशांसमोर त्यावर चर्चा होते. ते त्याने दोनदा अधोरेखित केलं. व्हेटो राहू दे पण वापरणाऱ्याला जाब विचारा, ह्या जागेवर त्याला ताठ उभं राहता येत होतं. पोटदुखी लगेच थांबली नाही, हळूहळू कमी झाली, आणि त्यात रात्री नऊनंतर बातम्या बंद केल्याचाही वाटा मोठा होता असं मला वाटतं.

आता दुटप्पीपणाचं. स्वतःच्या फायद्यासाठी लोकांना फसवून वेगळं बोलणं म्हणजे दुटप्पीपणा. इथे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं की बाजू चिठ्ठीने मिळालीय, फसवणूक कुणाचीच होत नाही. पण मुलाला हे कुणीतरी तोंडाने सांगावं लागतं, त्याचं त्याला कळेल असं धरून चालू नका. आणि "अरे नुसती स्पर्धा आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस" हे तर अजिबात म्हणू नका, त्याच्यासाठी ती नुसती स्पर्धा नसते. एक अपवाद मी ठामपणे करते. विषय मुलाच्या स्वतःच्या जखमेला लागत असेल, समजा घर सोडून पळावं लागलेल्या कुटुंबातल्या मुलीला निर्वासितांना प्रवेश नको असं बोलायचंय, तर मी कोचला सरळ सांगते की बाजू बदला नाहीतर तिला ह्या फेरीत बाहेर बसू द्या.

त्याची टीम ती फेरी हरली. पुढच्या फेरीत त्याला मनासारखी बाजू मिळाली, श्रीमंत देशांनी हवामान बदलाची भरपाई द्यावी, आणि हा परत माझ्याकडे आला, म्हणाला ताई ह्यावेळी जास्त अवघड जातंय, समोरचा काय बोलेल तेच सुचत नाहीये. मी कोरा कागद काढला, दुमडला त्यानेच.