चवथीला घर भरलं की माझी जाऊ रुसते, रडते, सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे ओढते. हा हिस्ट्रिऑनिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर (सतत लक्ष वेधून घेण्याचा व्यक्तिमत्त्व विकार) असेल का?

नाही, फक्त सणासुदीच्या रुसव्यावरून तसं म्हणता येत नाही. डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत ८ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान ५ लागतात, आणि तीही तरुण वयापासून घरी, कामावर, मैत्रीत, सगळीकडे दिसावी लागतात. आपण केंद्रस्थानी नसलो की अस्वस्थ होणं, भराभर बदलणाऱ्या उथळ भावना, चटकन दुसऱ्याच्या प्रभावाखाली जाणं, जुजबी ओळखीच्या माणसाला जिवलग समजणं ही त्यांतली काही. शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं: समोरचा तितका जवळचा नसतो, मग नाती तुटतात आणि त्या माणसाला खरोखर दुखतं. ‘नाटक करते’ म्हणून सोडून देऊ नका. हे वागणं अलीकडेच सुरू झालं असेल तर मात्र नैराश्य किंवा थायरॉइडसारखं दुसरं कारण आधी तपासावं लागतं. निदान मानसोपचारतज्ज्ञांनीच करायचं. त्यासाठी गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, फोनवर बोलायचं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. उपचार मुख्यतः सायकोथेरपीचा, म्हणजे तज्ज्ञांशी बोलून केलेला, या विकारासाठी वेगळी गोळी नाही.