"एवढीशी पोर, तिला आत्ताच कशाला ही लस?"

एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या व्हायरसच्या, लशीबद्दल विचारायला आईवडील येतात तेव्हा बहुतेकांचं म्हणणं हेच असतं, मुलगी अजून लहान आहे, बघू पुढे. लोकांना वाटतं माहिती नसते म्हणून लस टाळतात, पण माझा अनुभव जरा वेगळाय, काहीच माहीत नसलेले बरेचदा डॉक्टरांचं ऐकून तयार होतात, अडून बसतात ते अर्धं वाचून आलेले.

अशाच एक ताई, मुलगी 12 वर्षांची (ओळख पटेल असं काही लिहीत नाहीये). भरपूर वाचून आल्या होत्या. म्हणाल्या, मॅडम हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो, आमच्या मुलीचा काय संबंध, शिवाय बऱ्याच जणांना होतो नि आपोआप जातो पण, मग लग्नाच्या वेळी बघू ना. आता गंमत अशी की माहिती सगळी खरी आहे! बहुतेकांचं इन्फेक्शन एक-दोन वर्षांत जातंच. फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा.

मी एवढंच विचारलं, ताई, ज्यांचं जात नाही त्यांचं पुढे काय होतं ते वाचलंत का? ते राहिलं होतं. मग सांगितलं की गर्भाशयमुखाचे साधारण 70 टक्के कॅन्सर या व्हायरसच्या 16 आणि 18 नंबरच्या दोन प्रकारांमुळे होतात, आणि इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत बहुधा 15-20 वर्षं जातात, तोवर काही जाणवतही नाही. आणि लस आधीच झालेलं इन्फेक्शन बरं करत नाही, म्हणून तर डब्ल्यूएचओ 9 ते 14 हे वय सांगतं, संबंध येण्याच्या आधीचं. म्हणजे "लहान आहे" हेच आत्ता द्यायचं कारण झालं.

हे पटलं, पण चेहरा काही सैल होईना. मग हळूच म्हणाल्या, "लस दिली म्हणजे मोकळीक दिल्यासारखं नाही का होणार?" खरी भीती ही होती, आणि इथे टक्केवारी काही कामाची नाही. मी म्हटलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी मुद्दाम गंजक्या खिळ्यावर पाय देतं का? हसल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींच्या वागण्याची तुलना झालीय, लशीमुळे मुली लवकर संबंधांकडे वळतात असं काही आढळलेलं नाही, हेही सांगितलं. मुलीला काय सांगायचं? कॅन्सर होऊ नये म्हणून लस, 12 वर्षांच्या पोरीला एवढं पुरतं आणि ते खोटंही नाही, बाकीचं ती विचारेल तेव्हा.

साइड इफेक्ट्सचं थोडक्यात झालं, हात दुखतो, कधी थोडा ताप, काही मुलींना सुईने चक्कर येते म्हणून 15 मिनिटं बसवून ठेवतात.

जाता जाता सांगितलं की लस घेतली तरी मोठेपणी स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसतानाही या कॅन्सरसाठीची टेस्ट, करावंच लागतं, आणि तुमची टेस्ट झालीय का? कधीच नाही, म्हणाल्या. लशीचं नवऱ्याशी बोलून ठरवणार होत्या, नंतर दिलीही, पण स्वतःच्या टेस्टची अपॉइंटमेंट मात्र त्यांनी माझ्यासमोरच फोन लावून घेतली.