वाचकांचे प्रश्न : खाडीचं पाणी तपासताना

प्रश्न : खाडीतल्या आमच्या कालवांसाठी (खाण्याचे शिंपले) गट दर पंधरवड्याला पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजतो. त्याच जागी कधी ७ मिलिग्रॅम येतो, कधी ४. किट बिघडलंय की पाणी? – एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : आधी नोंदवहीत वेळ बघा. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच जीव तो वापरतात. त्यामुळे नीचांक उजाडताना येतो. दुपारचा आकडा नेहमी गोडच दिसणार. शिवाय भरतीला समुद्राचं पाणी आत असतं, खाडीचं स्वतःचं पाणी सुकतीलाच, म्हणजे ओहोटीलाच, हाती लागतं.

दोन्ही साधायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, म्हणजे पहाटे भरती. पुनवेला आणि अवसेला ती बाराच्या आसपास, म्हणून पहाटे सुकती. या दोन तिथींना उजाडताना नमुना घ्या. आत जाल तशी सुकती थोडी उशिरा लागते.

तरीही आकडे उड्या मारत असतील तर बुडबुड्यावर संशय घ्या. ३०० मिलिची काचेची बाटली पाण्याखालीच भरा, बूचही तिथेच लावा. तिरकी करून पाहा. मण्याएवढा बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरा. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिलि, पिपेटचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून, खाडीच्या काठावरच घाला. बूच लावून बाटली पंधरा वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका यायला हवा; पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ नाही. साका अर्ध्यावर बसला की २ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलांच्या हाती आम्ल देऊ नका.

मग बाटलीतलं २०० मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडा. रंग फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा. नंतर परतला तरी मोजू नका. लागलेले मिलि म्हणजेच लिटरमागे मिलिग्रॅम. थायोसल्फेट जुनं झालं की जास्त लागतं आणि ऑक्सिजन खोटाच वाढलेला दिसतो, म्हणून दरमहा त्याची ताकद तपासा. कालवांच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम धरा.

प्रश्न : जिवाणू तपासायची बाटली काळी पडली. पाण्यात मैला आहे का?

उत्तर : एवढ्यावरून ठरवू नका. ही चाचणी हायड्रोजन सल्फाइडने काळी पडते, आणि खाडीच्या काळ्या चिखलात तो मुळातच असतो. गाळ ढवळला की चांगलं पाणीही दोषी ठरतं. निर्जंतुक बाटलीतला नमुना बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्मची (मैल्यातून येणाऱ्या जिवाणूंची) चाचणी मागा.