मी तर तिथं नव्हतोच, मग माझं नाव का?

प्रश्न : सर, मी सातपूरला वर्कशॉपमध्ये कामाला आहे, वय २३. मागच्या महिन्यात माझ्या दोस्ताचं गंगापूर रोडला एका पोराशी वाजलं. संध्याकाळी तो माझी मोपेड मागायला आला, नेहमीच नेतो म्हणून मी चावी दिली. मग रात्री ग्रुपवर त्यानं 'आज त्याला सोडत नाय' असं टाकलं, मी पण जोशात 'वाजवच त्याला, आम्ही आहोत' लिहून हसायचा इमोजी टाकला अन झोपलो. सकाळी कळलं की रॉडनं त्या पोराचा हात मोडला. आता पोलिसांची नोटीस आलीय. मी तिथं नव्हतोच ना? मेसेज डिलीट करू का?

उत्तर : डिलीट अजिबात करू नका! बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये तो आहेच, आणि पुरावा सापडू नये म्हणून पुसलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ चा वेगळा गुन्हा अंगावर घ्याल.

'मी तिथं नव्हतो' हे इथं नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात रोज ऐकू येतं, पण नुसतं तेवढ्यावर भागत नाही. कायद्यात याला अपप्रेरणा म्हणतात, पूर्वी आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १०७ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ४५. एखाद्याला भरीस घालणं, कटात सामील होणं किंवा जाणूनबुजून मदत करणं, यातलं काहीही पुरतं, जागेवर असायला लागत नाही. आणि त्यामुळे गुन्हा घडला तर कलम ४९ प्रमाणे शिक्षा मारणाऱ्याइतकीच. हात मोडला म्हणजे गंभीर दुखापत, त्यात रॉड घातक हत्यार धरला गेला तर ११८(२), किमान एक वर्ष, वर जन्मठेपेपर्यंत.

आता तुमच्या बाजूचं. चावी दिली तेव्हा तो कशाला चाललाय हे माहीत नव्हतं, तर ती मदत गुन्ह्याला केलेली मदत होत नाही, म्हणून चावी कधी दिली अन मेसेज कधी टाकला ही वेळ फार महत्त्वाची. ग्रुपवर नुसतं वाचून गप्प बसलेलेही यात येत नाहीत. अडचण मेसेजची आहे. रागाच्या भरात, परिणाम मनात नसताना निघालेला शब्द म्हणजे चिथावणी नाही असं सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये आत्महत्येच्या एका केसमध्ये म्हटलंय, आणि तुमच्या दोस्ताचं आधीच ठरलं होतं हाही मुद्दा आहे. इमोजीचं मला फार वाटत नाही, पण 'आम्ही आहोत' हे दोन शब्द सरकारी वकील सोडणार नाही. 'मला वाटलं दोन कानाखाली देईल, रॉडचं माहीत नव्हतं' हेही दरवेळी चालत नाही, चिथावणीतून जे घडणं साहजिक होतं ते कलम ५१ खाली तुमच्याकडेच येतं.

नोटीस नीट वाचा, साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून, आणि कुठली कलमं लावलीत. ११८(२) असेल तर अटक होऊ शकते, तेव्हा एकटे जाऊ नका. आधी वकील गाठून सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचं बघा, आणि तारीख मात्र चुकवू नका. दोस्ताला 'काय सांगू रे' म्हणून फोनही करू नका, ते कॉलसुद्धा नंतर मोजले जातात.