शब्द मोडावा लागतो तेव्हा

'आईला शब्द दिलाय. मोडला तर मला माफी न्हाई.' माणसं बदलतात, शब्द कुणाला दिला तेही बदलतं, पण माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांकडून ही घालमेल पुन्हा पुन्हा कानावर येते. त्यातलीच एक हकीकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवणारे पन्नाशीचे गृहस्थ. वडिलांना स्मृतिभ्रंश. रात्री कडी काढून रंकाळ्याकडे चालू लागतात, दोनदा गॅस उघडा राहिला. बायकोला धड झोप नाही. आणि आईनं शेवटच्या आजारपणात कबूल करून घेतलेलं, 'ह्यांना घराबाहेर ठेवू नको.'

'शब्द म्हणजे शब्द की हो, मॅडम.'

'आणि बायकोला इजा होऊ द्यायची नाही, हे?'

ते गप्प.

मी कागदावर तीन रकाने आखून दिले. काय करायलाच हवं, कुणासाठी, आणि ते बंधन आलं कुठून. आठवडाभर भरायचे. तिसऱ्या रकान्यात लोक हमखास घसरतात, सगळीकडे 'कर्तव्य' लिहून मोकळे होतात. तिथं दिलेला शब्द, उपकाराची जाण, आपल्या चुकीची भरपाई, इजा न करणं असं सुटं करून लिहायचं. ही विभागणी डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाची, १९३० ची. त्यानं असे सात प्रकार मांडले. जर्मन तत्त्वज्ञ कांटबद्दल मला आदर आहे, पण दारात आलेल्या खुन्याशीही खोटं बोलू नये म्हणणाऱ्याचा अशा घरांना उपयोग होत नाही. रॉसच्या लेखी प्रत्येक बंधन खरं, पण दोन बंधनं आडवी आली की प्रसंग बघूनच तोलायचं.

त्यांच्या कागदावर निम्म्या ओळींपुढं 'पाहुणे काय म्हणतील' होतं. त्या त्यांनी स्वतःच खोडल्या. आईचा शब्द मात्र उरला.

'म्हणजे वडिलांना देखभाल केंद्रात ठेवलं तर शब्द मोडला न्हाई, असं समजू?'

'नाही. मोडलाच.'

त्यांनी मान वर केली. घरात सगळे 'तुझी काय चूक' म्हणत होते, आणि त्यामुळंच त्यांना आत एकटं वाटत होतं. 'मग टोचतंय ते बरोबरच म्हणा की.'

बरोबरच. जास्त वजनाच्या बंधनापुढं शब्द मोडला तर शरम वाटायचं कारण नाही, पण सल राहतो, आणि राहिलाच पाहिजे. रॉसनं हा फरक नेमका पकडलाय, शिवाय भरपाईचं नवं बंधन तिथंच सुरू होतं असंही सांगितलंय. ती भरपाई 'जमेल तसं येत जाईन' अशी ठेवली की दोन महिन्यांत विरते. वार, वेळ आणि काम, तिन्ही ठरवावं लागतं.

त्यांनी सोमवार धरला, वर्कशॉप बंद असतं. सकाळी जाऊन वडिलांची दाढी स्वतः करायची, जेवण घरचं न्यायचं. खर्चाचं बहिणीशी बोलायचं तेवढं अजून राहिलंय.